थाप मारावी तर कोशासारखी

कुठल्याही अनोळखी शब्दाच्या अर्थापुढे ‘बाळंतिणीस देतात’ एवढं जोडलं की मराठी माणूस त्या अर्थावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पदार्थ कशाचा, कुठला, मुळात आहे का, असले प्रश्न मग कोणी विचारत नाही. बाळंतिणीला देतात म्हणजे असणारच. विश्वासार्हतेत दुसरा नंबर ‘मुलींचा एक खेळ’ याचा आणि तिसरा ‘एक प्रकारचा मासा’ याचा. ज्याला काहीच सुचत नाही तो मासा लिहितो. अरबी समुद्रात नसतील इतके मासे आमच्या घरच्या चिठ्ठ्यांवर पोहून गेलेत.

चिठ्ठ्या कसल्या, ते सांगतो. एकानं शास्त्रीबुवा व्हायचं. शास्त्रीबुवांनी शब्दकोश उघडून असा शब्द काढायचा, जो बैठकीत कोणालाच माहीत नाही. बाकीच्यांनी त्याचा अर्थ मनानं रचून चिठ्ठीवर लिहायचा. कोशातला खरा अर्थ शास्त्रीबुवा तशाच एका चिठ्ठीवर उतरवतात, सगळ्या चिठ्ठ्या खालीवर करतात आणि न हसता वाचून दाखवतात. मग मतदान. खरा अर्थ ओळखला तर एक गुण. तुमच्या थापेला जितके बळी पडतील तितके गुण तुमचे. आणि खरा अर्थ कोणालाच ओळखता आला नाही, तर शास्त्रीबुवांची चांदी. यातला सगळ्यात अवघड भाग ‘न हसता’ हा आहे. आमच्याकडे त्यावरून बरेच शास्त्रीबुवा पदच्युत झालेले आहेत.

इंग्रजीत हा खेळ ‘फिक्शनरी’ म्हणून जुना आहे. बीबीसीनं १९६५ पासून त्याच धर्तीवर ‘कॉल माय ब्लफ’ नावाचा कार्यक्रम केला. १९८४ साली कॅनडात ‘बाल्डरडॅश’ नावानं तो खोक्यात भरून विकायला आला, आणि घरात फुकट होणारी गोष्ट लोकांनी पैसे मोजून घेतली. आपल्याला खोकं लागत नाही. एक जाडजूड कोश आणि निर्लज्ज नातेवाईक एवढं साहित्य पुरतं. दुसऱ्या जिनसेचा तुटवडा आमच्याकडे कधीच पडलेला नाही.

कोश मात्र नीट निवडावा लागतो. मोल्सवर्थ हा कोशांतला थोरला. लष्करातला हा इंग्रज मराठी पंडितांना घेऊन बसला आणि १८३१ साली पंचवीसेक हजार शब्दांचा कोश त्यानं काढला. त्यावर समाधान झालं नाही म्हणून १८५७ ची दुसरी आवृत्ती साठ हजारांवर नेली. पण त्यात अर्थ इंग्रजीत दिलेले. शास्त्रीबुवांनी ते मराठीत उतरवेपर्यंत निम्मी मंडळी चहा करायला उठतात आणि उतरवताना शास्त्रीबुवाही चार शब्द पदरचे घालतात. त्यामुळे आमचं दैवत म्हणजे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले सात खंड आणि वर १९५० चा पुरवणी खंड. गावच्या घरी माळ्यावर ते आहेत. मधल्या एका खंडाला वाळवी लागली, त्यामुळे काही अक्षरांपुरती आमच्या घराण्यात मराठी भाषाच नाही.

गणपतीत सगळे गावी जमतात. आरत्या होतात, जेवणं होतात, वीज जाते, मोबाइलची रेंज तर आधीच गेलेली असते. मग कोश खाली येतो. अशाच एका रात्री शब्द निघाला, ‘कोळवे’. तो डाव जसाच्या तसा सांगतो, म्हणजे कोण कशी थाप मारतं ते कळेल.

चिठ्ठ्या वाचल्या त्या अशा. एक: कोकिळेचे कावळ्याच्या घरट्यात वाढणारे पिल्लू, त्यावरून (ल.) परक्याच्या जिवावर मोठा झालेला पण गोड बोलणारा मनुष्य. दोन: कोळ्यांचे लहान मुलांसाठीचे छोटे जाळे. तीन: नाचणीचे पीठ ताकात भिजवून केलेले जाड घावन, बाळंतिणीस देतात. चार: चिपट्याच्या निम्मे धान्याचे माप. पाच: ज्या गावात तलाठी सजा नसेल अशा गावातील कुळांनी लगतच्या गावातील सजामध्ये भरावयाचा सारा, तथापि सदर सारा विहित मुदतीत न भरल्यास त्याबाबत. सहा: एक प्रकारचा मासा.

पाचव्या चिठ्ठीला ‘त्याबाबत’पाशी जागा संपली. ती कोणाची हे विचारावं लागलं नाही, कारण मामा आयुष्यभर सरकारी नोकरीत होते. पहिली आत्याची. आत्यानं शाळेत मराठी शिकवलं आहे, त्यामुळे तिची थाप नुसती थाप नसते, तिला लाक्षणिक अर्थ असतो, कधी वाक्यात उपयोगही असतो. ती थाप इतकी सुंदर असते की खरी वाटायला जागा उरत नाही. मतं मिळाली नाहीत की आत्या सौंदर्याचे वेगळे गुण मागते. शिवाय इतरांच्या चिठ्ठ्यांवरचं शुद्धलेखन तांबड्या पेनानं दुरुस्त करते, त्यामुळे कोणती चिठ्ठी तिची नाही हे आपोआप कळतं.

मतं पडली घावनाला. वहिनीचं घावन. घावन कधी कोणी खाल्लं नव्हतं, पण दोघातिघांना त्याची चव आठवली. भाच्यानं तर ‘यावर लोणी घेतात ना?’ असंही विचारलं.

एकटी आई ‘चौथं’ म्हणाली आणि वर म्हणाली, ‘हे काय विचारायचं? निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं. भात मोजायला आमच्याकडे कोळवं रोज लागायचं.’ सगळी माळ तिनं एका श्वासात म्हटली. शेराला आठ कोळवी, हा हिशेब मग भाच्यानं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केला आणि बरोबर आला म्हणून त्याला आश्चर्य वाटलं.

तेव्हापासून आईला या खेळात घ्यायचं की नाही यावर दर वर्षी बैठक बसते. तिला शब्द माहीतच असतात. चुलीचा वैल, फणेरपेटी, ओगराळं, रोवळी, साकव या आमच्या दृष्टीनं पुराणवस्तू, तिच्या दृष्टीनं सकाळचं काम. ज्ञान हा या खेळात मोठा दोष आहे. तिला शास्त्रीबुवा करून पाहिलं. ती खरा अर्थ वाचून झाल्यावर ‘बरोबर’ म्हणून मान हलवते.

वहिनीच्या यशाचं रहस्य मात्र मी बरेच दिवस शोधत होतो. ती ना फार वाचणारी, ना फार बोलणारी. पण गुणांची वही काढून बघा, तीच पुढे. कारण तिला कोशाचा आवाज सापडलेला आहे. कोश कधी उत्साहात येत नाही. त्याला कोणाला पटवायचं नसतं. समोर नांगर असो की देव, तो त्याच सुरात सांगतो. ‘शिवळ’ शब्द निघाला त्या रात्री आत्यानं ‘शिवमंदिरातील पहाटेचा ओलावा’ असं काहीतरी लिहिलं होतं, आणि ते ऐकून काकूंनी हातही जोडले. वहिनीनं लिहिलं: ‘गोधडी शिवताना आतून लावायची जुनी चिंधी. (व.)’ बस. यात ऐकण्यासारखं काही नाही. आणि ऐकण्यासारखं काही नाही म्हणूनच सगळ्यांनी त्यावर मत टाकलं, कारण एवढी कंटाळवाणी गोष्ट मुद्दाम कोण रचेल? खरा अर्थ ‘जोखडाला बैलाच्या मानेलगत असणारी खुंटी’ हा. तो त्या मानानं फारच रंगतदार वाटला.

त्यातला कंसातला ‘व.’ पाहा. व म्हणजे वऱ्हाडी. दाते-कर्व्यांच्या कोशात असे कंस जागोजागी असतात: (राजा.) म्हणजे राजापुरी, (कु.) म्हणजे कुडाळी, (गो.) म्हणजे गोमंतकी. आमच्या बैठकीत वऱ्हाडचं कोणी नसतं हे वहिनीला पक्कं ठाऊक. कोकणातला कंस टाकला असता तर चौघे उठून ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ म्हणाले असते. थाप नेहमी लांबच्या जिल्ह्यात नेऊन सोडावी. चौकटी कंसातली व्युत्पत्ती याहून भारी. शेवटी नुसतं [का.] लिहिलं, म्हणजे कानडी, की थापेला सातशे वर्षांचा इतिहास मिळतो. [फा.] लिहिलं की बैठकीतला कोणीतरी ‘हो, पेशवाईत वापरायचे’ अशी ग्वाही स्वतःहून देतो. त्यासाठी वेगळे गुण द्यावे लागत नाहीत.

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याच्या चिठ्ठीत कुठेतरी ‘प्रक्रिया’ किंवा ‘पर्यायी व्यवस्था’ डोकावते आणि तो सापडतो. एकदा रेंज आली होती तेव्हा त्यानं पाटाखाली मोबाइल धरून यंत्राकडून थाप लिहून घेतली. शास्त्रीबुवा वाचू लागले, ‘महाराष्ट्राच्या समृद्ध ग्रामीण परंपरेत विशेष स्थान असलेले...’ आणि सगळ्यांनी एका सुरात त्याच्याकडे पाहिलं. कोश कशालाही समृद्ध म्हणत नाही. कोशात परंपरेला विशेष स्थान नसतं, तिला अनुक्रमानं यावं लागतं.

माझी बहीण डॉक्टर. तिच्या हाताखालून गेलेला प्रत्येक शब्द आजारी पडतो. ‘मोरवाही’ म्हटलं काय, ‘घडवंची’ म्हटलं काय, तिला ती पायावर येणारी सूज वाटते. बँकेतल्या काकांना प्रत्येक शब्दात तारण दिसतं. एकूण माणूस थाप म्हणून जे लिहितो ते त्याच्याच फडताळातलं असतं, हे या खेळानं मला शिकवलं, आणि फडताळं किती अरुंद असतात हेही.

याच्या उलट कोश. त्याचं फडताळ केवढं! आणि तो शांतपणे अशी काही खरी गोष्ट काढून समोर ठेवतो, जी रचायची कोणाची छाती होणार नाही. ‘अजागळ’ हा शब्द आपण गबाळ्या माणसाला रोज बहाल करतो. त्याचं मूळ काय? अजा म्हणजे शेळी. शेळीच्या गळ्याशी मांसाची दोन बोंडं लोंबतात, थानांसारखी दिसतात, पण त्यांतून दूध येत नाही. संस्कृतात त्याला अजागलस्तन म्हणतात, आणि तेवढा निरुपयोगी तो अजागळ. हे मी खेळात चिठ्ठीवर लिहिलं असतं तर आत्यानं तांबड्या पेनानं ‘अतिशयोक्ती’ असा शेरा मारला असता. माझ्यासारख्या बेताच्या कल्पनाशक्तीच्या माणसाला शेळीच्या गळ्यापर्यंत जाणं शक्यच नाही.

‘औटकी’च्या वेळी तर तंटाच झाला. भाच्याची चिठ्ठी: गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बाद झाल्यावरही ‘ट्रायल बॉल होता’ म्हणून बॅट न सोडणे. १९३० च्या दशकातल्या कोशात ट्रायल बॉल कुठून येणार, हे सगळ्यांना कळत होतं. तरी लहान पोरांनी झाडून त्यालाच मतं दिली, कारण अशी औटकी त्यांच्यातल्या प्रत्येकानं त्याच दिवशी दुपारी केली होती. बहिणीनं पोटात येणारा मुरडा लिहिला. खरा अर्थ जाहीर झाला: साडेतीनचा पाढा.

‘शक्यच नाही’, भाचा म्हणाला. ‘साडेतीनचा पाढा कोण कशाला पाठ करेल?’

मामा पाटावरून उठलेच. हात मागे बांधून त्यांनी सुरुवात केली. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस. शेवटपर्यंत गेले आणि परत निघाले. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांची नुसती नावं घेतली, तरी पोरं भिंतीला टेकली. औट म्हणजे साडेतीन, हे कळल्यावर ‘औट घटकेचा राजा’ हा आपण निवडणुकीच्या बातम्यांत वाचतो तो शब्दही उलगडतो. घटका म्हणजे चोवीस मिनिटं, तेव्हा औट घटका म्हणजे बरोबर चौऱ्याऐंशी मिनिटं. हल्लीच्या काही सत्तांचा विचार करता हा काळ उदार वाटतो. मामांना टाळ्या मिळाल्या. गुण मात्र मिळाला नाही, कारण पाढा पाठ असूनही मत त्यांनी मुरड्याला दिलं होतं. साडेतीनचं उत्तर फारच सरळ वाटलं, त्यात काहीतरी डाव असणार असा त्यांना संशय आला. सरकारी नोकरीत माणसाला सरळ उत्तराचं भय बसतं.

मामांच्या मानासाठी आम्ही अधूनमधून सरकारी शब्दांचा डाव खेळतो. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० साली, राज्यात भाषा संचालनालय स्थापन झालं आणि कारभार मराठीत आणायचं जगड्व्याळ काम त्यानं अंगावर घेतलं. त्याच्या ‘पदनाम कोशा’ला लोकांनी लगेच ‘बदनाम कोश’ म्हणून टाकलं. ही चेष्टा थोडी अन्यायाची होती, असं मला वाटतं. त्या मंडळींनी शब्द दिले म्हणून आज ‘अभियंता’ म्हणताना कोणी अडखळत नाही. पण काही शब्द असे निघाले, की ते आमच्या खेळासाठीच घडवले असावेत.

‘उदंचन’ घ्या. काकूंनी लिहिलं, देवापुढच्या उदबत्तीची राख कपाळाला लावणे. बहिणीनं लिहिलं, जेवणानंतर चारचौघांत रोखून धरलेला ढेकर. (वैद्यक.) तो कंस पाहून सगळी मतं ढेकराकडे गेली. आणि खरा अर्थ? पंपानं पाणी उपसून वर चढवणं. मुंबई महापालिकेची उदंचन केंद्रं आहेत. पावसाळ्यात तीच शहराचं पाणी समुद्रात लोटतात, आणि पाटी वाचून माणसाला कळत नाही की आत पंप आहेत की योगासनं चालतात. तरी मला ढेकराचा अर्थ सोडवत नाही. त्या क्रियेला मराठीत शब्द हवाच होता.

‘परंतुक’ म्हणजे काय, हे कायदा वाचणाऱ्यालाच ठाऊक. नियम सांगून झाल्यावर ‘परंतु’ म्हणून जी पळवाट किंवा अट जोडतात ती. आत्यानं लिहिलं होतं, ‘बोलताना सारखा परंतु घालणारा क्षुद्र मनुष्य’. दोन्ही एकच म्हणायचे. ‘नस्ती’ निघाला तेव्हा मामांनी अर्थ रचलाच नाही. सरळ ‘फाईल’ लिहिलं. शास्त्रीबुवांचीही चिठ्ठी ‘फाईल’. दोन चिठ्ठ्यांवर एकच अर्थ आला म्हणजे दोन्ही थापा असणार, असा भाच्यानं तर्क लढवला आणि सगळे दुसरीकडे गेले. मामा म्हणाले, ‘नस्ती आयुष्यभर माझ्या टेबलावर होती. माझ्यावर नाही तर टेबलावर तरी विश्वास ठेवा.’ कोणी ठेवला नाही.

इथे या खेळाच्या खऱ्या वस्तादाचं नाव घेतलं पाहिजे. तो आमच्या घरातला नाही. तो हॉटेलात असतो, खांद्यावर फडकं टाकून. आपण मेन्यूकार्डावर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘व्हेज मराठा आणि व्हेज जयपुरीमध्ये फरक काय?’ हे दोन्ही शब्द कुठल्याही कोशात नाहीत. त्याला विचार करायला वेळ नाही, चिठ्ठी नाही, पेन्सिल कानावर आहे पण ती बिलासाठी. तरी तो क्षणात म्हणतो, ‘मराठामध्ये कोफ्ता येतो, जयपुरीवर पापड येतो.’ आवाज एकदम सपाट. नजर दुसऱ्या टेबलाकडे. यालाच मी कोशाचा आवाज म्हणतो. आपण पुढे विचारतो, ‘आणि व्हेज दिलबहार?’ ‘ग्रेव्ही व्हाइट येते, थोडी स्वीट.’ आपण मान डोलावतो. चौकोनी कुटुंबात दोन मिनिटं गंभीर चर्चा होते, आणि जे येतं ते तिन्ही नावांना शोभेल असं तांबडं असतं, वर कोथिंबीर. आजवर कुठल्याही वेटरनं ‘माहीत नाही, आत विचारून सांगतो’ असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणाला तर त्या हॉटेलात मी पुन्हा जाणार नाही. ज्याला स्वतःच्या दिलबहारबद्दल खात्री नाही, त्याचं पनीर काय खायचं?

बिल्डरही या खेळात उतरले होते, पण त्यांनी पैसे लावून खेळायला सुरुवात केली. ‘बिल्टअप’, ‘सुपर बिल्टअप’, त्यावर ‘लोडिंग’. जिना, लिफ्ट, गच्ची, दारातली कुंडी, सगळं आपल्या बेडरूममध्ये मोजून देत. शेवटी २०१६ च्या रेरा कायद्यानं ‘कार्पेट एरिया’ म्हणजे काय ते लिहूनच टाकलं. शब्दाचा अर्थ पक्का करायला संसदेला बसावं लागलं, यावरून थाप किती उंचीची होती ते कळावं.

आता तुम्ही म्हणाल, कोश तरी खरं बोलतात ना? बहुतेक वेळा. पण कोशही चिठ्ठ्यांवरूनच तयार होतात, आणि चिठ्ठ्यांचा भरवसा आमच्या घरी कोणी देणार नाही. अमेरिकेतल्या वेबस्टरच्या १९३४ च्या भल्यामोठ्या कोशात ‘डॉर्ड’ असा शब्द छापला गेला. अर्थ दिला, घनता. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठा डी किंवा छोटा डी हे अक्षर वापरतात, एवढं सांगणारी एक चिठ्ठी होती. ‘डी ऑर डी’. ती संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, मधली जागा मिटली आणि डॉर्ड जन्माला आला. १९३९ साली संपादकांच्या नजरेला तो पडला. तोवर इतक्या तपासनिसांच्या हातांखालून गेला होता, पण घनतेला डॉर्ड म्हणत असतील, असं समजून कोणी हरकत घेतली नाही. वहिनीचाच नियम: एवढं कंटाळवाणं कोण रचेल?

काहींनी मुद्दाम रचलं. १९७५ च्या ‘न्यू कोलंबिया एन्सायक्लोपीडिया’त लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल नावाच्या एका बाईंची नोंद होती. या बाई म्हणे खेड्यापाड्यांतल्या टपालपेट्यांचे फोटो काढायच्या आणि ज्वालाग्राही पदार्थांना वाहिलेल्या एका मासिकासाठी काम करताना स्फोटात गेल्या. अशी बाई कधी झालीच नाही. आपली नोंद कोणी चोरली तर चोर सापडावा म्हणून असले सापळे लावतात. २००१ च्या ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’त याच कारणासाठी ‘एस्क्विव्हॅलियन्स’ हा शब्द घातला. अर्थ असा, की अंगावर असलेलं सरकारी वा अधिकृत काम जाणूनबुजून टाळणं.

मामांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, ‘त्यासाठी नवा शब्द कशाला? आम्ही ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणायचो.’

पण ती माहिती त्यांच्या डोक्यात राहिली असावी. ‘शिवळ’च्या त्या डावात मामांचीही एक चिठ्ठी होती, ती सांगायची राहिली. त्यांनी लिहिलं होतं: सरकारी कागदपत्रे एकत्र शिवण्यासाठी वापरावयाची जाड सुई. मामांच्या मानानं फार आटोपशीर, तरी एकही मत पडलं नव्हतं. ते त्यांना लागलं. आमच्या कचेरीत शिवळच म्हणायचे, कोशवाल्यांनी आमच्या तालुक्यात येऊन विचारलं होतं का, असं ते गणपती बुडेपर्यंत म्हणत राहिले.

पुढच्या गणपतीत बहिणीचे नवे जावई आले. पाहुण्याचा मान म्हणून पहिला शास्त्रीबुवा त्यांना केलं. मामांनी स्वतः माळ्यावरून खंड काढून दिला, पान उघडून दिलं. जावईबापूंनी चष्मा सरसावला आणि खणखणीत वाचलं, ‘शिवळ. जोखडाची खुंटी. दोन, कागदपत्रे शिवण्याची जाड सुई. कंसात, कचेरी.’

भाच्यानं खंड ओढून दिव्याखाली धरला. समासात, छापील ओळीच्या शेजारी, पेन्सिलीनं, सरकारी टिपणाच्या सुबक अक्षरात अर्थ दोन लिहिलेला होता. खाली बारीक सही आणि तारीख.

‘मामा!’ सगळे एकदम ओरडले.

‘ओरडता कशाला?’ मामा म्हणाले. ‘कोशात आहे की नाही, एवढं सांगा. आहे ना? मग माझे मागचे गुण लावा.’

आईनं गुणांची वही पुढे सरकवली. ‘लाव रे बाबा, नाहीतर हा दिवाळीलाही हेच काढून बसेल.’

मामांनी वही आपल्याकडे ओढली आणि मागच्या वर्षीच्या तारखेनं गुण स्वतःच मांडले.